गाठ वाळूशी आहे

अनंत चतुर्दशी जवळ आली की महापालिका गिरगाव चौपाटीवर जाड पोलादी पत्रे अंथरायला घेते. विसर्जनाला येणाऱ्या उंच मूर्तींच्या ट्रॉल्या कोरड्या वाळूत रुतू नयेत, यासाठीची ही दरवर्षीची व्यवस्था. ठाकूरद्वारच्या नाक्यावरून निघालेली गणपतीची गाडी डांबरी रस्त्यावर सहज पुढे सरकते. वाळू लागली की मात्र चाकाखालचे कण बाजूला सरतात, चाक खाली जाते आणि जितका जोर लावावा तितके ते आणखी रुतते. पत्रा टाकला की तेच वजन मोठ्या पृष्ठभागावर पसरते आणि गाडी चालू लागते. पाण्याच्या कडेची ओली वाळू आणखी निराळी वागते. तिथे पायाचा ठसासुद्धा जेमतेम उमटतो. एकाच किनाऱ्यावर, काही पावलांच्या अंतरात, वाळूचे असे दोन-तीन स्वभाव भेटतात.

गोल्फच्या मैदानावरच्या बंकरमधून चेंडू बाहेर काढणे अवघड का जाते, या प्रश्नाचे अर्धे उत्तर या किनाऱ्यावर मिळते. हिरवळीत मुद्दाम खणलेला आणि वाळूने भरलेला खड्डा म्हणजे बंकर. टीव्हीवर तो स्वच्छ, नीटनेटका आणि निरुपद्रवी दिसतो. खेळाडू आत उतरतो, वाळूचा फवारा उडतो आणि चेंडू अलगद ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवतावर, येऊन पडतो. त्या एका फवाऱ्यात वाळूचे पदार्थविज्ञान, अवजार घडवणाऱ्यांची कल्पकता, नियमावलीची कडक कलमे, माळ्यांची रोजची मेहनत आणि खेळाडूच्या मनाचा कस एकत्र आलेला असतो. पुढील पाने त्या सगळ्याची ओळख करून देण्यासाठी आहेत. त्यांच्यामागचा विचार एकच आहे : बंकरमध्ये खेळाडूची गाठ चेंडूपेक्षा वाळूशी असते. ती वाळू कोणती, किती ओली, किती खोल आणि कुणी कशी सारखी केलेली, हे ज्याला ओळखता येते त्याची अडचण पुष्कळ हलकी होते.

मराठी वाचकाला गोल्फ परका वाटणे स्वाभाविक आहे, पण मुंबईला तो परका नाही. रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब 1842 मध्ये निघाला. भारतात त्याच्याआधीचा क्लब 1829 चा, कलकत्त्याचा. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज म्हणजे या खेळाची काशी. तिथल्या रॉयल अँड एन्शंट क्लबला मुंबईच्या मंडळींनी एक रौप्यपदक भेट दिले आणि ‘बॉम्बे मेडल’ म्हणून ते तिथल्या पारितोषिकांत दाखल झाले. ठाकूरद्वारहून ताडदेवमार्गे हाजीअलीकडे जाताना केशवराव खाड्ये मार्गावर विलिंग्डन स्पोर्ट्स क्लबची हिरवळ लागते. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या कारकिर्दीत, 1918 मध्ये, युरोपीय आणि भारतीय अशा दोघांनाही सभासद होता यावे या हेतूने हा क्लब सुरू झाला. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब 1927 चा. कुलाब्याच्या टोकाला युनायटेड सर्व्हिसेस क्लबचे मैदान समुद्राच्या वाऱ्यात उघडे पडले आहे. खारघरच्या डोंगरांच्या कुशीत सिडकोने मैदान उभारले आहे, पुण्यात येरवड्याला जुने मैदान आहे. नाशिकमध्ये शहराच्या मध्यावरच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर आता क्रिकेट खेळले जाते, सभा भरतात, तरी नाशिककरांच्या तोंडी ते अजून ‘गोल्फ क्लब मैदान’च आहे.

या मैदानांच्या भिंतीआड काय चालते, हे बहुतेक गिरगावकरांनी आणि चेंबूरकरांनी कधी पाहिलेले नसते. तरी खेळ भिंतीबाहेर आलाच. चेंबूरच्या मैदानालगतच्या वस्तीत राहणारे कॅडी, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणारे आणि त्याला फटक्याचा सल्ला देणारे साहाय्यक, फावल्या वेळात गल्लीबोळांत स्वतःचा गोल्फ खेळत आले. वाकवलेल्या लोखंडी सळीची काठी, प्लॅस्टिकचा चेंडू आणि पत्र्याच्या छपरांमधून काढायची वाट, एवढ्यावर तो खेळ चालतो. सुजय डहाके यांनी दिग्दर्शित केलेली ‘स्लम गोल्फ’ ही मालिका 2023 मध्ये आली, तिची पार्श्वभूमी हीच. वाळू वाचणे ही ज्याची रोजची विद्या आहे तो माणूस बहुधा याच वस्तीतला असतो, हे विसरून बंकरवर काही लिहिणे योग्य होणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. गोल्फचा चेंडू कमीत कमी 42.67 मिलिमीटर व्यासाचा आणि जास्तीत जास्त 45.93 ग्रॅम वजनाचा असतो. मैदानावर इतरत्र काठीचे पाते थेट या चेंडूवर येते. ग्रीनलगतच्या बंकरमध्ये नेमके उलटे करावे लागते. पाते चेंडूच्या साधारण 5 सेंटिमीटर मागे वाळूत शिरते, चेंडूच्या खालून सरकते आणि पुढे बाहेर पडते. चेंडूला पाते लागतच नाही. पात्याने पुढे लोटलेली वाळू चेंडूला उचलते आणि तिच्यासोबत तो बाहेर येतो. हातातल्या जोराचा मोठा वाटा त्यामुळे वाळू हलवण्यात खर्च होतो. चेंडू दहा मीटरवर टाकायचा असला तरी काठी कितीतरी लांबच्या फटक्यासाठी फिरवावी तशी फिरवावी लागते.

इथेच नवशिक्याची गडबड होते. ग्रीन समोर, झेंडा जवळ, आणि हातून एवढा मोठा फटका मारायचा. मन कचरते आणि काठी वाळूत शिरता शिरता हात मंदावतो. मग पाते वाळूत अडकते आणि चेंडू वीतभर पुढे सरकून तिथेच राहतो. दुसऱ्या खेपेला नवशिक्या जोर वाढवतो, पण पाते वाळूत न शिरता थेट चेंडूच्या पोटावर बसते आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडच्या झाडीत जातो. दोन्ही चुका वाळूत किती मागे आणि किती खोल शिरायचे, या एकाच हिशेबाच्या आहेत. बोटभर फरकाने त्या घडतात.

हा हिशेब प्रत्येक वाळूत वेगळा असतो. वाळूचा कण गोलसर असला तर तो शेजारच्या कणावरून सहज घसरतो. कण टोकेरी आणि कंगोरेदार असले तर ते एकमेकांत अडकून बसतात. वारा आणि लाटांनी घासून गुळगुळीत झालेली वाळू म्हणूनच बंकरसाठी फारशी पसंत केली जात नाही. उंचावरून आलेला चेंडू तिच्यात रुततो आणि भोवती वाळूचे कडे तयार होते. खेळाडू त्या अवस्थेला ‘फ्राइड एग’ म्हणतात आणि तिची धास्ती घेतात. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेच्या मार्गदर्शनानुसार बंकरच्या वाळूतले बहुतेक कण 0.25 ते 1 मिलिमीटरच्या दरम्यान असावेत आणि गाळ व चिकणमाती अगदी अल्प असावी. वाळूत चेंडू रुतण्याची शक्यता पेनेट्रोमीटरने मोजतात. दर चौरस सेंटिमीटरला 2.4 किलोग्रॅमपेक्षा अधिक दाब सोसणारी वाळू चेंडूला वर धरून ठेवते. हा आकडा 1.8 च्या खाली गेला की चेंडू रुतणार असे समजावे. तळाशी साधारण 10 ते 15 सेंटिमीटर आणि उतारांवर 5 सेंटिमीटरच्या आसपास जाडीचा थर ठेवण्याचा प्रघात आहे.

ऑगस्टा नॅशनलच्या ज्या शुभ्र बंकरांची छायाचित्रे जगभर पोचतात, त्यांतली वाळू किनाऱ्यावरची नाहीच. नॉर्थ कॅरोलायनातल्या स्प्रूस पाइन भागात फेल्डस्पारच्या खाणकामातून निघणारे ते क्वार्ट्झ आहे. महाराष्ट्रात सिलिका वाळू म्हटले की सिंधुदुर्गातल्या कणकवली तालुक्यातला कासार्डे परिसर आठवतो. काच आणि ओतकामाच्या कारखान्यांना अशी वाळू लागते. कोकणच्या पुळणीवरच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा आणि मीठ असते. मीठ गवताला मारते आणि शिंपला हळूहळू भुगा होतो. समुद्र हाताच्या अंतरावर असूनही मुंबईच्या मैदानांना किनाऱ्यावरची वाळू सरसकट वापरता येत नाही, त्याला किनारपट्टीच्या संरक्षणाचे कायदे जसे कारण आहेत तसे हेही.

वाळूत पाणी आले की सगळी गणिते पुन्हा बदलतात. थोड्या ओलाव्याने कणांमध्ये पाण्याचे बारीक पूल तयार होतात आणि ते कणांना एकमेकांकडे ओढून धरतात. चौपाटीवर किल्ला करणाऱ्या मुलांचा बुरूज याच ओढीवर उभा राहतो. कोरड्या वाळूचा ढीग मात्र साधारण 30 ते 35 अंशांपेक्षा अधिक उभा राहू शकत नाही. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने 1885 मध्ये वाळूचा आणखी एक गुण मांडला. गच्च बसलेल्या कणांना हलायचे असेल तर आधी एकमेकांवर चढून थोडे फुगावे लागते. चौपाटीच्या ओल्या कडेवर पाऊल टाकले की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते, ती त्यामुळे. दाबाने वाळू फुगते, कणांमधल्या पोकळ्या वाढतात आणि वरचे पाणी आत ओढले जाते. घट्ट वाळूत शिरणाऱ्या पात्याला हाच विरोध होतो. पाते आत जाण्याऐवजी उसळी घेते आणि चेंडूच्या मध्यावर आदळते. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाते बुडते, ओल्या घट्ट वाळूत ते उसळते, आणि दोन्हीकडे चेंडू मात्र सारखाच निवांत पडलेला दिसतो.

या दोन संकटांपैकी पहिल्यावरचा उपाय 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला सापडला आणि तो चौपाटीवरच्या पोलादी पत्र्याच्या जातीचा आहे. त्याआधी वाळूत वापरायच्या काठ्यांची धार पातळ असे आणि ती फाळासारखी खाली घुसे. पात्याला खोलगट चमच्यासारखा आकार देण्याचा प्रयोगही झाला, पण चेंडूला दोनदा स्पर्श होतो या कारणावरून 1931 मध्ये त्याच्यावर बंदी आली. अमेरिकेचा जीन साराझन विमान वर चढताना पंखांच्या मागच्या फळ्या कशा वळतात याचा विचार करत होता. त्यातून सुचलेल्या कल्पनेनुसार त्याने पात्याच्या तळाला शिसे वितळवून चढवले. तळाची मागची बाजू पुढच्या धारेपेक्षा खाली आली, त्यामुळे पाते वाळूत शिरले तरी बुडेना. रुंद तळावर भार पेलला जाऊन ते वाळूतून सरकत बाहेर येऊ लागले. इंग्लंडमधल्या सँडविच गावाजवळच्या प्रिन्सेस मैदानावर 1932 ची ओपन (ब्रिटिश ओपन) स्पर्धा साराझनने जिंकली, त्या वेळी ही काठी त्याच्या पिशवीत होती. आजच्या सँड वेजचा, म्हणजे वाळूसाठीच्या काठीचा, तळ साधारण 10 ते 14 अंशांनी असा झुकलेला असतो. खेळाडू त्याला ‘बाउन्स’ म्हणतात. घट्ट वाळूत हाच बाउन्स अंगावर येतो, म्हणून पावसाळी मैदानांवरचे जाणते खेळाडू कमी बाउन्सची दुसरी वेजही बाळगतात.

वाळूनंतर भिंत.

समजा बंकरची भिंत दीड मीटर उंच आहे आणि चेंडू तिच्यापासून एक मीटरवर पडला आहे. भिंत ओलांडायला चेंडू किमान 56 अंशांच्या कोनात उठला पाहिजे. तोच चेंडू भिंतीपासून दोन मीटरवर असता, तर 37 अंश पुरले असते. सँड वेजचे पाते स्वतःच साधारण 56 अंश कललेले असते आणि वाळूतून निघणारा चेंडू बहुधा त्याहून खालच्या कोनात निघतो. पहिल्या ठिकाणी खेळाडूला पाते आणखी उघडावे लागते, नाहीतर मागे किंवा बाजूला खेळून मोकळे व्हावे लागते. एका मीटरच्या फरकाने साधा फटका जवळपास अशक्य होतो. त्यात चेंडू उतारावर असेल, एक पाय वाळूत आणि एक पाय बाहेरच्या गवतात टेकावा लागत असेल, तर अंगाचा तोलही हिशेबात धरावा लागतो. बंकरच्या मागच्या कडेला, पुढे उतरत्या जागी पडलेला चेंडू सर्वांत वाईट समजतात. पात्याला मागे शिरायला जागा नसते आणि चेंडू खालच्या कोनात निघतो.

सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर असे 112 बंकर आहेत. तिथल्या 17 व्या होलच्या ग्रीनला लागून जो बंकर आहे, त्याची भिंत गवताच्या चकत्या एकावर एक रचून उभी केली आहे. 1978 च्या ओपनमध्ये जपानचा त्सुनेयुकी नाकाजिमा या होलच्या ग्रीनवर पोचला होता. तिथून त्याने हलकेच लोटलेला चेंडू उतारावरून वळला आणि बंकरमध्ये गेला. बाहेर येईपर्यंत इतके फटके गेले की चार फटक्यांत पुरा करणे अपेक्षित असलेल्या (पार 4) होलवर त्याच्या नावावर 9 लागले, आणि त्या वाळूला त्याचे नाव चिकटले. 2000 च्या ओपनमध्ये शेवटच्या दिवशी डेव्हिड डुव्हलला त्याच बंकरमधून सुटायला चार फटके लागले. त्याच स्पर्धेत टायगर वुड्सने चारही दिवसांत, 72 होलांत, 112 पैकी एकाही बंकरमध्ये चेंडू जाऊ दिला नाही आणि आठ फटक्यांनी विजेतेपद मिळवले. बंकरची दहशत खऱ्या अर्थाने मोजायची तर वुड्सच्या त्या चार दिवसांकडे पाहावे. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूने आपला सगळा डाव वाळू टाळण्याभोवती आखला होता.

नियमांनी ही अडचण आणखी वाढवली आहे, आणि इथे खेळाचा खरा पेच दिसतो. वाळू जाणून घेतल्याशिवाय फटका साधत नाही, पण वाळूला हात लावून पाहण्याची परवानगी नाही. नियम 12 सांगतो की फटक्यापूर्वी वाळूचा अंदाज घेण्यासाठी तिला हाताने, काठीने किंवा दाताळ्याने मुद्दाम स्पर्श करायचा नाही. चेंडूच्या लगेच पुढे-मागे काठी टेकवायची नाही, सरावाचा फटका वाळूला लावायचा नाही, काठी मागे नेतानाही कण उडता कामा नये. चूक झाली की दोन फटक्यांचा दंड. उभे राहण्यासाठी पाय वाळूत रोवायला मात्र मुभा आहे. म्हणून बंकरमध्ये उतरलेला कसलेला खेळाडू पाय हलवत, घोळवत उभा राहतो. तळव्यांना थर किती जाड आहे, खाली कडक जमीन कुठे लागते, ओल कितीशी आहे, हे कळत असते. चेंबूरचा एखादा जुना कॅडी बंकरच्या काठावरून चालत येतानाच ही माहिती गोळा करतो आणि दोन शब्दांत खेळाडूला सांगतो.

या कलमांनी मोठमोठी विजेतेपदे फिरवली आहेत. 2010 च्या पीजीए अजिंक्यपद स्पर्धेत व्हिसलिंग स्ट्रेट्सच्या मैदानावर डस्टिन जॉन्सन शेवटच्या होलवर एका फटक्याने पुढे होता. प्रेक्षकांच्या पायांनी तुडवलेल्या वाळूच्या तुकड्यात त्याचा चेंडू थांबला. हा बंकर आहे हे त्याच्या ध्यानातच आले नाही आणि त्याने काठी वाळूवर टेकवली. हजाराच्या घरात बंकर असलेल्या त्या मैदानावर वाळूची प्रत्येक जागा बंकरच मानली जाईल, असे सूचनापत्रकात आधीच लिहिलेले होते. दोन फटक्यांच्या दंडाने तो अंतिम चुरशीतून बाहेर पडला आणि मार्टिन कायमर जिंकला. 2016 च्या अमेरिकी महिला ओपनमध्ये अ‍ॅना नॉर्डक्विस्टची काठी मागे जाताना वाळूचे काही कण हलले. डोळ्यांना न दिसलेली ती हालचाल कॅमेऱ्याने जवळून टिपली होती. तिला दोन फटक्यांचा दंड झाला आणि ब्रिटनी लँग विजेती ठरली.

2019 च्या सुधारित नियमांनी थोडा हात सैल केला. बंकरमध्ये पडलेली पाने, काटक्या, खडे आता उचलता येतात. आणखी एक वाट खुली झाली : चेंडू खेळण्याजोगा नाही असे ठरवून दोन फटक्यांचा दंड सोसावा आणि बंकरच्या बाहेर, मागच्या रेषेत चेंडू टाकून खेळावे. नवख्या खेळाडूला या पर्यायाने मोठा दिलासा मिळतो.

बंकर किती कठीण ठेवायचा, हे शेवटी दाताळ्याच्या हातात असते. याची साक्ष 2023 च्या ओपनने दिली. इंग्लंडमधल्या हॉयलेकच्या मैदानावर पहिल्या दिवशी बंकरांचे तळ अगदी सपाट ओढले होते. आत आलेला चेंडू घरंगळत भिंतीच्या पायथ्याशी जाऊन चिकटत होता आणि नावाजलेले खेळाडू आडवे-मागे खेळून सुटका करून घेत होते. दुसऱ्या दिवशी कडेची वाळू किंचित वर ओढून घेतली गेली, चेंडू भिंतीपासून मागे घरंगळू लागले, आणि तेच बंकर एका रात्रीत माणसांत आले. 2006 मध्ये विख्यात अमेरिकी खेळाडू जॅक निकलसच्या मेमोरियल स्पर्धेत उलटा प्रयोग झाला होता. रुंद अंतराच्या दातांची दाताळी वापरून वाळूत सऱ्या पाडल्या गेल्या, कारण व्यावसायिकांना एकसारखी ओढलेली वाळू फारच सोयीची झाली होती. पेनसिल्व्हेनियातल्या ओकमाँटवर तर अशा सऱ्यांची जुनी परंपरा होती. दाट गवतात चेंडू कसा बसेल याचा नेम नसतो. नीट राखलेली वाळू मात्र सगळीकडे सारखी वागते. म्हणून मोठे खेळाडू पुष्कळदा गवतापेक्षा बंकर पत्करतात. अमेरिकी पीजीए टूरवर ग्रीनलगतच्या बंकरमधून दोन फटक्यांत होल पुरा करण्याचे प्रमाण सरासरी निम्म्याच्या आसपास असते. हौशी खेळाडूच्या वाट्याला अशी राखलेली वाळूही येत नाही आणि तेवढा सरावही.

मुंबईत दाताळ्याच्या आधी फावडे लागते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सांताक्रूझला सरासरी सुमारे 2,300 आणि कुलाब्याला सुमारे 2,100 मिलिमीटर पाऊस पडतो. सेंट अँड्र्यूजच्या परिसरात वर्षभरात पडतो त्याच्या हा तिपटीच्या आसपास. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. जोराची सर आली की बंकरच्या उतारांवरची वाळू तळाशी वाहून येते आणि उतार उघडे पडतात. त्याहून वाईट म्हणजे कडेची माती वाळूत मिसळते. बारीक माती कणांमधल्या पोकळ्या भरते, पाणी मुरेनासे होते, आणि ऊन पडले की वरचा थर कडक पापडी धरतो. उत्तम कंगोरेदार वाळू आणून घातली तरी दोन-तीन पावसाळ्यांत तिचा स्वभाव बदलू शकतो. म्हणून बंकरच्या तळाशी छिद्रांच्या नळ्यांचे जाळे घालतात, वाळू आणि माती वेगळी ठेवण्यासाठी मध्ये अस्तर घालतात, पाणी वरून बंकरमध्ये शिरू नये म्हणून भोवती चर काढतात. हे सगळे करूनही सर ओसरल्यावर माळ्यांना वाळू पुन्हा वर ओढावीच लागते. ही मेहनत धावफलकावर कुठेच दिसत नाही, आणि तिच्याशिवाय बंकरमधला एकही फटका न्याय्य राहत नाही.

पाणी साचलेल्या बंकरसाठी नियमावलीत स्वतंत्र तरतूद आहे. दंड न घेता चेंडू हलवायचा तर तो त्याच बंकरमधल्या कमी पाण्याच्या जागी टाकावा लागतो. बाहेर यायचे तर एक फटका मोजावा लागतो. बंकर पूर्ण बुडाला असेल तर समिती तो खेळातून वगळून दुरुस्तीखालची जागा जाहीर करू शकते. पावसाळ्यात खेळणाऱ्याला ही तीन वाक्ये पाठ हवीत.

ग्रीनपासून दूर, फेअरवेच्या, म्हणजे ग्रीनकडे नेणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, कडेला असलेले बंकर हा वेगळा विषय आहे. तिथे लांबचा पल्ला गाठायचा असतो, म्हणून पाते आधी चेंडूवर आणि मग वाळूवर यावे लागते. ग्रीनजवळ जी चूक ठरते तीच इथे गरज होते. या दोहोंच्या मधला, 30 ते 50 मीटरचा बंकरमधला फटका जाणकार सर्वांत अवघड मानतात. वाळू किती घ्यावी आणि जोर किती लावावा, यांपैकी कशालाच ठरलेले माप नसते.

जपानमधल्या खोल बंकरांना तिथले लोक ‘अ‍ॅलिसन’ म्हणतात, ते सी. एच. अ‍ॅलिसन या ब्रिटिश रचनाकाराच्या नावावरून. 1930 च्या सुमारास कासुमिगासेकीच्या मैदानावर त्याने आपल्या पद्धतीचे बंकर आखले. त्याच कासुमिगासेकीवर, नव्याने आखलेल्या मैदानात, टोकियो ऑलिंपिकचा गोल्फ झाला आणि पुण्याचा उदयन माने तिथे भारताकडून उतरला. एका परदेशी खेळाडूने माघार घेतल्याने त्याला आयत्या वेळी प्रवेश मिळाला होता. त्याच्यासोबत खेळलेला अनिर्बान लाहिरी जन्माने पुण्याचा. काळ्या पाषाणाच्या आणि लाल मातीच्या मुलखातून आलेल्या खेळाडूंना दर नव्या देशात नवी वाळू वाचावी लागते. स्पर्धेआधीच्या सरावाच्या दिवसांत व्यावसायिक खेळाडू बंकरमध्ये इतका वेळ घालवतात, त्याचे कारण हेच.

पुढील पानांत वाळू, अवजार, भिंत, नियम, मशागत आणि सराव यांची सविस्तर माहिती याच क्रमाने येते. वाचकाने गोल्फची काठी कधी हातात धरली नसली तरी अडचण पडू नये, अशी मांडणी आहे. मुंबईतल्या मैदानांचे दरवाजे अजून फार थोड्यांसाठी उघडतात. ते अधिक रुंद व्हावेत, आणि कॅडी व माळी यांच्याकडचे वाळूचे ज्ञान मराठीत नोंदले जावे, ही या लेखनामागची कळकळ आहे. पहिले प्रकरण वाळूच्या कणापासून सुरू होते. ते वाचण्याआधी वाचकाने सवडीने चौपाटीवर जावे, एक मूठ कोरडी आणि एक मूठ ओली वाळू घेऊन ती बोटांत चोळून पाहावी. बंकरमध्ये उतरलेल्या खेळाडूला ही मुभा नसते.